दुसरी जोड

कॉम्प्युटर प्रोग्रॅमच्या, भोकं पाडलेल्या कार्डांना आम्ही दहा-दहाच्या अंतराने नंबर देतो. काही राहिलं तर मागाहून मध्ये घालता यावं म्हणून. हेही तसंच लिहिते आहे.

१०

१९७९ साली पिंपरीतल्या आमच्या कारखान्यात एकच खोली थंड होती, कॉम्प्युटरची. मशीनला धूळ चालत नसे, म्हणून चपला दाराबाहेर काढून अनवाणी आत जायचं. बाहेर शिपाई सोपानराव त्या ओळीत लावायचे. कारखान्याच्या जागेवर पूर्वी त्यांच्या भावकीची बाजरी असायची.

मी प्रोग्रॅमर, प्रोबेशनवर. आमचे साहेब उद्धवराव पहिल्याच दिवशी म्हणाले, "मिस शेख, माणूस आजारी पडला तर दुसरा मिळतो. मशीन आजारी पडलं तर मुंबईहून इंजिनिअर बोलवावा लागतो. चपला बाहेर."

मी हसले. मला चौदाव्या वर्षापासून मधुमेह आहे. नोकरीच्या फॉर्मवर 'जुना आजार' या शब्दांपुढे मी 'नाही' लिहिलं होतं.

२०

खराळवाडीत मी मावशीकडे, बेगमखालाच्या खोलीत राहायचे. तिथे फ्रिज नव्हता. इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवायचे. तरी मार्चमध्ये औषधाच्या गुठळ्या झाल्या. मग मी बाटली कारखान्यात नेली. टेपांच्या कपाटामागे 'खराब' असं लिहिलेला एक पत्र्याचा डबा होता, त्यात ठेवली. सकाळी आठ दहाला, कुणी यायच्या आत, कपाटामागे उभी राहून चाळीस युनिट घ्यायची. बाटली बरोबर दहा दिवस पुरायची.

एप्रिलमधली बाटली पाचव्या दिवशी संपली.

माझीच मोजण्यात चूक झाली असेल. नव्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी औषध एक रेघ जास्त खाली होतं. तिसऱ्या दिवशी आणखी एक. सांडलेलं नाही, गळलेलं नाही. चाळीस म्हणजे चाळीस.

त्याच आठवड्यात कार्डं पंच करताना तीनदा माझे हात थरथरले. त्या थंडीत घाम फुटला, इन्सुलिन जास्त झाल्यावर फुटतो तसा. मी पर्समध्ये गूळ ठेवू लागले.

३०

"ताई, आत अजून कोन हाय?" बाहेर आल्यावर सोपानरावांनी विचारलं.

"कुणी नाही. मी एकटीच होते."

"मग चपला दोन जोड कशापाई?"

माझ्या तपकिरी चपला पिंपरीच्या बाजारातून दिवाळीत घेतलेल्या. शेजारी अगदी तशाच दुसऱ्या. जरा जास्त झिजलेल्या. डाव्या चपलेचा पुढचा पट्टा पात्याने कापलेला.

"कुणीतरी विसरून गेलं असेल."

"विसरून अनवानी घरी गेलं व्हय?" सोपानराव हसले. मीही हसले. "सायबाला सांगू नगा हां. म्हनतील, म्हातारा झोपा काढतो."

दुपारी ती जोड नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. सकाळी मी आतून बाहेर येईपर्यंतच असायची.

४०

चौदा मेला दहा वाजता मला कायम करण्यापूर्वीची वैद्यकीय तपासणी होती. लघवीत साखर सापडली की नोकरी गेली. त्या दिवशी दहा युनिट जास्त घ्यायची असं ठरवलं होतं.

आठ दहाला डबा उघडला. बाटली रिकामी. रबरी बुचावर एक थेंब होता. ताजा.

नवी बाटली संध्याकाळशिवाय मिळणार नव्हती.

कंपनीच्या डॉक्टरांनी परीक्षानळीतलं निळं द्रावण स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. साखर असेल तर ते हिरवं होतं, मग पिवळं, मग विटकरी. इंजेक्शन चुकल्यावर होणारा तो विटकरी रंग मला पाठ होता. डॉक्टरांनी द्रावण उकळलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा उकळलं.

निळंच.

"एवढ्या घाबरलात कशाला? ठणठणीत आहात," ते म्हणाले.

५०

त्यानंतर मी सुई टोचून घेतली नाही. घरी रोज सकाळी नळी तापवायची. रोज निळी. कारखान्यातली बाटली रोज चाळीसने खाली जायची. दर दहाव्या दिवशी मी नवी ठेवायची. हात थरथरणं बंद झालं. उद्धवरावांनी स्टोअर्सचा अख्खा प्रोग्रॅम माझ्याकडे दिला. म्हणाले, "मिस शेख, एक दिवस खाडा नाही तुमचा. मशीनने तुमच्याकडून शिकावं."

५५

हे मध्ये राहून गेलं होतं.

ऑगस्टमध्ये एकदा मी मुद्दाम डबा रिकामा ठेवला. आठ दहाला खोलीच्या मध्यावर उभी राहिले. कपाटामागे आवाज झाला. डबा उघडल्याचा. मग पत्र्याच्या तळाशी बोटं फिरल्याचा. कोपऱ्यातून कोपऱ्यात, घाई नसलेला. बराच वेळ.

मग थांबला.

मी मागे जाऊन पाहिलं नाही. त्या संध्याकाळी घरी नळी विटकरी झाली. दुसऱ्या दिवशी बाटली ठेवली.

६०

जानेवारीत एका संध्याकाळी मी घरी येऊन चहा ठेवला. मागून खाला म्हणाली, "नजमा, पाँव कू क्या लगा गे?"

उंबऱ्यापासून स्टोव्हपर्यंत फरशीवर लाल ठसे होते. फक्त डाव्या पायाचे.

कार्डांच्या गठ्ठ्याला लावतात ती टाचणी तळव्यात डोक्यापर्यंत रुतली होती. मशीनच्या खोलीत कधीतरी लागली असणार. आज, काल, परवा. खालाने चिमट्याने ओढून काढली तेव्हा तिनेच डोळे मिटून घेतले.

"दुखता नहीं?"

"नाही."

चार दिवसांनी पाय सुजला. पट्टी बांधल्यावर चपलेत जाईना. मी पातं घेतलं आणि पुढचा पट्टा कापला.

कापून झाल्यावर चप्पल उजेडात धरून पाहिली. त्या दुसऱ्या जोडीतली डावी अशीच होती.

७०

दवाखान्यात गेले तर पाय वाचेलही, पण केसपेपरवर आजाराचं नाव लिहितील. कंपनीची पुढची तपासणी मे महिन्यात.

आठ दहाला आत गेले. नवी बाटली डब्यात ठेवली. बाहेर आले.

सोपानराव उभे होते. आज थट्टा नव्हती.

"ताई, ती दुसरी जोड..."

"काय झालं?"

"आज एकच हाय. उजवी."

मी तिकडे पाहिलं. उजवी होती, नीट ओळीत. शेजारी एका चपलेची जागा मोकळी.

"चोरनाऱ्यानं एकच कशाला न्यावी?" सोपानराव पुटपुटले.

मी माझ्या चपला घातल्या. डावी पायात गेली की नाही, ते खाली पाहिल्यावरच कळलं.