कागदावर उतरलेली बाही

"हात वर करा."

त्याने केले.

"श्वास रोखू नका... सोडा. आणि हलू नका."

तो हलला नाही. मी टेप छातीभोवती फिरवला, मुंढा घेतला, बाही घेतली. कॉलरसाठी गळ्याशी बोट ठेवलं, तर त्या बोटाखाली त्याची नाडी अशी पळत होती, जणू कुणी मागे लागलंय! मग मीही ते माप उगाचच दुसऱ्यांदा घेतलं. तेव्हा कुठे तो हळूच म्हणाला, "एक सांगू? मी शर्ट शिवायला आलो नाहीये. मी... सॉफ्टवेअरवाला."

"मग मघाशीच बोलायचं ना!"

"हलू नका म्हणालात."

"जीभसुद्धा?"

"तुमच्या हाताशी कात्री होती हो... धोका कशाला पत्करा?"

पडद्याआड इस्त्री करणारी मावशी अशी हसली, की वाफेचा ढग बाहेर आला.

दुकान मावशीचं, कापड बेतायचं काम माझं. माझे सगळे नमुने, गळे, बाह्या, कॉलर, फ्रॉकचे घेर, दुकानातल्या कॉम्प्युटरवरच्या एका प्रोग्राममध्ये होते. तिथेच काढायचे, तिथेच बघायचे आणि बघून खडूने कापडावर उतरवायचे. बाहेर न्यायची सोयच नव्हती. खाष्ट सासूसारखा तो प्रोग्राम... आत घ्यायला तयार, माहेरी धाडायचं नाव नाही.

आणि मला तर निघायचं होतं. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये जागा मिळाली होती, येत्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. तिथल्या मास्तरांनी फोनवर बजावलं होतं, "नमुने आणा. फाइल आणा, कागद आणा, पण हातात काहीतरी द्या. नुसत्या गप्पांवर मी कुणाला कापडाला कात्री लावू देत नाही."

त्या प्रोग्राममध्ये एक्सपोर्टची सोय घालायची, म्हणजे नमुना फाइल होऊन बाहेर पडेल आणि कागदावर छापता येईल, हे त्या सॉफ्टवेअरवाल्याचं काम. त्याच्या कंपनीने त्यासाठी पहिलं दुकान निवडलं ते आमचं. तो रोज यायचा, खिडकीशी स्टुलावर बसायचा, अंगाची जुडी करून.

"किती झालं?" मावशी विचारायची.

"नव्वद टक्के."

दुसऱ्या दिवशीही नव्वद. तिसऱ्या दिवशीही. मावशीने त्याचं नावच 'नव्वद टक्के' ठेवलं. "अहो नव्वद टक्के, चहा घेणार का? की तोही थोडा उरवणार?"

तो हसायचा. मीही हसायचे. पण रोज दुकानाचं शटर वर करताना माझी नजर आधी त्या स्टुलावर जायची. काम झालं नाही तर नोकरी गेली. आणि झालं तर... तर खिडकीशी ते स्टूल रिकामं. कोणत्या भीतीला आधी भ्यावं, तेच कळेना.

गुरुवारी पहिली फाइल बाहेर पडली. छापलेले कागद आम्ही जमिनीवर मांडले, कडेला कड लावून चिकटवले. त्याची मापं घेतलेलीच होती, म्हणून शर्टही त्याचाच बेतला, शिवला. संध्याकाळी त्याने घातला आणि छातीवरचं बटण काही काजात जाईना.

"पोट आत घ्या," मी म्हणाले.

"घेतलंय."

"मग छाती घ्या."

"ती कुठे ठेवू?"

हसता हसता त्याचा चेहरा उतरला. "प्रिंटर कागदात मावावं म्हणून सगळंच थोडं आवळतोय. चूक माझी, मी लक्षच दिलं नाही." तो मान खाली घालून उभा. मी मुंढ्याची शिवण उसवत होते, इतक्या जवळून की त्याचा श्वास माझ्या मनगटावर येत होता... आणि माझ्या मनात आलं, बरं झालं! बिघडलंय ते बरंच झालं. त्या आनंदाचीच मला धडकी भरली.

पडद्याआडून मावशी गुणगुणत होती,

*सुई चालली पुढं पुढं, दोरा तिच्या मागं*
*मुका बाई जीव त्याचा, टाक्याटाक्याला जागं*

"मावशी, पुरे!"

"मी कपड्याबद्दल म्हणतेय गं."

शनिवारी सकाळी दुकान उघडलं, तर तो आधीच पायरीवर. डोळे लाल.

"झालं," तो म्हणाला. "पूर्ण."

नवे कागद पसरले. मी बाहीवर टेप ठेवला. सुताएवढाही फरक नाही. कॉलर, गळा, मुंढा, सगळं जिथल्या तिथे. नाचायला हवं होतं मी. पण मला रागच आला.

"एवढी घाई होती?"

"कसली?"

"मला पाठवायची."

तो टेपचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिला.

"एक आकडा चुकीचा ठेवला असता ना... तर सोमवार असाच निघून गेला असता. काल दुपारी तो आकडा समोर होता. हात थांबला होता माझा."

"मग?"

"मग वाटलं, तुम्ही इथे राहाल, मी रोज येईन, आणि मला एकट्यालाच माहीत असेल, की तुम्ही राहिला नाहीत... मी अडकवलंय." त्याने वर पाहिलं. "तुम्ही राहावं असं मला वाटतं. खूप वाटतं. ते आत्ता तोंडाने सांगतोय. फाइल मात्र बरोबर आहे."

मी समोरचा बाहीचा कागद उगाच सरळ केला. तेवढ्यात करपल्याचा वास आला.

"मावशी, काहीतरी जळतंय!"

"जळू दे गं! तू बोल!"

मी बोलले. "मी जाणार."

"हो."

"नमुने घेऊन."

"हो," तो म्हणाला, अगदी हळू.

"तुमच्या कामाला लागतं काय हो? म्हणजे... कुठे बसून होतं ते?"

"कुठेही. एक टेबल, एक सॉकेट."

"तिथे मला मिळालेल्या खोलीसमोरच्या घरात एक खोली रिकामी आहे म्हणे. खिडकी माझ्या खिडकीकडे. सॉकेटचं माहीत नाही."

त्याने टेप खाली ठेवला. "कंपनीला विचारावं लागेल."

"विचारा."

"नाही म्हणाले तर?"

"तर परत विचारा. आत्ता विचारा."

त्याने फोन काढला. नंबर लावला. पलीकडे रिंग वाजत होती. मी कागदांची घडी घालत होते आणि एकही घडी सरळ पडत नव्हती. त्याचा मोकळा हात टेबलावर होता. मी कागद सोडले आणि त्या हातावर माझा हात ठेवला.

"हॅलो, साहेब," तो म्हणाला... आणि पुढचं विसरला.

"हॅलो?" फोनमधून आवाज येत राहिला. "हॅलो? अरे, बोल की!"