सजवलेली खुर्ची

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी इथंच थांबावं. कुणाची समजूत काढायला मी रिकामा बसलेलो नाही.

आणि भूत म्हटलं की अमावस्येची रात्र, पडकी विहीर न् कुत्र्याचं रडणं लागतंच, असं ज्यांना वाटतं त्यांनीही थांबावं. हे सकाळी घडलं. चहाच्या वेळी.

मागच्या नाताळच्या सुट्टीत. वडगाव रासाईला, भीमेच्या काठावर.

राजनंदिनी माझी मावसबहीण, केडगावची, पुण्यात नोकरीला. सत्यजीत शिरूरचा, तिच्याच ऑफिसातला. दोघांचं जमलेलं होतं. त्याच्यासाठी तिनं चांगली चांगली स्थळं परतवली आणि मावशीचे टोमणे वर्षभर मुकाट्यानं ऐकले. तिला एवढंच हवं होतं, की त्यानं एकदा सरळ विचारावं. मग ती घरी सांगायला मोकळी.

पण सरळ विचारेल तो सत्यजीत कसला.

हा माणूस मिसळ आली की आधी तिचे फोटो काढणार, आणि मग गार झाली म्हणून वेटरवर ओरडणार. त्याला लग्नाचं विचारायचं नव्हतंच. विचारतानाचा व्हिडिओ करायचा होता. त्यासाठी त्यानं नदीकाठचं एक कृषी पर्यटन केंद्र शोधलं. तिथं हुरडा, बैलगाडी, आणि काठावर खास सांगून ठेवलेली, शेवंतीच्या माळा गुंडाळलेली पांढरी खुर्ची. राजनंदिनी घरी ऑफिसची ट्रिप सांगून गेली. खोल्या वेगवेगळ्या होत्या, हे तिनं मी न विचारता मला दोनदा सांगितलं.

त्या सकाळी धुकं इतकं होतं, की नदी दिसतच नव्हती.

नुसता पाण्याचा वास येत होता.

राजनंदिनी उठून स्वयंपाकाच्या छपराखाली आली. तिथं काम करणारी गिताबाई चुलीवर चहा करत होती. तेवढ्यात काठावरून सत्यजीतचा आवाज आला.

दोघींनी वाकून पाहिलं. काठ चार पावलांवरच होता, म्हणून धुक्यातही तो दिसला.

त्यानं स्टँडवर मोबाईल लावला होता. समोर ती खुर्ची. रिकामी. आणि हा शहाणा गुडघा टेकून, डबीतली अंगठी पुढं धरून, त्या खुर्चीला विचारत होता...

"माझ्याशी लग्न करशील?"

तालीम चालली होती. फ्रेम नीट येते का ते बघायला.

राजनंदिनीला हसू आलं. त्यातही तिला बरंच वाटलं, आज विचारणार म्हणून.

आपल्याकडे रिकामा पाळणा हलवू देत नाहीत. पोरानं नुसता हात लावला तरी घरातली बाई धावून येते. मग रिकाम्या खुर्चीला मागणी घालू नये, हे काय वेगळं शिकवावं लागतं? पण ज्यानं कॅमेऱ्यापुढं अक्कल गहाण टाकली त्याला कोण सांगणार.

त्यानं उठून मोबाईल बघितला. मनासारखं आलं नसावं. पुन्हा गुडघा टेकला.

"माझ्याशी लग्न करशील?"

"व्हय..."

बाईचा आवाज. हळू. कानाशी बोलावं तसा.

राजनंदिनी गिताबाईकडे वळली. गिताबाई तिच्याचकडे बघत होती.

"ताई, तुमी बोलला?"

"नाही. तुम्ही?"

"म्या कशाला बोलू?"

चहा उतू गेला. कुणी उतरवला नाही.

धुक्यातून परत आलं...

"व्हय..."

सत्यजीतनं मानसुद्धा वळवली नाही. "गिताबाई, जरा गप्प बसा. रेकॉर्डिंग चालू आहे," एवढंच म्हणाला.

ऊन वर आल्यावर खरा कार्यक्रम सुरू झाला. राजनंदिनी नटून त्या खुर्चीवर बसली आणि तशीच उठली.

खुर्ची ओली होती. गार. खाली पाण्याचं थारोळं, त्यात हिरवं शेवाळ.

"दव पडलं असेल. तोंड कशाला पाडतेस? हसून बस," तो म्हणाला.

दव पडलं असेल तर पडलं असेल. पण माळांची फुलं कोरडी होती.

ती बसली. साडी पार भिजली. त्यानं गुडघा टेकला, मोबाईलकडे एकदा बघून घेतलं आणि ऐटीत डबी उघडली.

डबी रिकामी होती.

मग काय, आळ आला गिताबाईवर. दुसरं माणूस होतंच कोण? त्या बाईला त्यानं पदराची गाठ सोडायला लावली. तंबाखूची पुडी निघाली, मोबाईलचा चार्जर निघाला. राजनंदिनी शरमेनं मेली.

"साहेब, मोबाईलात बघा की," गिताबाई म्हणाली.

त्यांनी बघितलं. सकाळचाच व्हिडिओ. तो डबीतून अंगठी काढतो. खुर्चीच्या पुढ्यात धरतो. विचारतो. "व्हय..." येतं. आणि त्याचा हात मागं येतो...

रिकामा.

बोटांत अंगठी नाही, खाली पडलेली नाही. कुणी घेतलेली दिसत नाही. आणि हा कॅमेऱ्याकडे हसत नुसती डबी मिटतो.

सत्यजीतनं व्हिडिओ पुन्हा एकदा लावून बघितला. मग म्हणाला, "आवाज एडिटिंगमध्ये काढता येईल."

असा माणूस. अंगठी नाही म्हणजे व्हिडिओ नाही, आणि व्हिडिओ नाही म्हणून विचारणंही नाही. दोघं तशीच परतली.

त्यानंतर त्याचे फोन कमी झाले. ऑफिसला तो घरूनच काम करतो म्हणून सांगू लागला. संक्रांत गेली. शेवटी राजनंदिनीनंच मान बाजूला ठेवला आणि त्याला फोन लावला. भर दुपारी, केडगावच्या घरात. मी शेजारीच होतो. स्पीकर चालू होता.

"सत्यजीत, गेली अंगठी तर जाऊ दे. माळा नकोत, व्हिडिओ नको. मला नुसतं विचार. मी हो म्हणते."

पलीकडून...

थेंब थेंब पाणी पडल्यासारखा आवाज येत होता...

मग तो बोलला. त्याच्या आवाजात नाटक नाही, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"आता तुला कसं विचारू, नंदू? एकीला विचारून झालंय."

आणि त्याच्या मागून, अगदी जवळून...

"व्हय."

त्याला मी वाटेल तितका हसलोय. आता हसू येत नाही.

राजनंदिनीला अजून स्थळं येतात. मुलगा पसंत आहे का, असं विचारलं की ती गप्प बसते. तो होकाराचा शब्द तिला तोंडातून काढवत नाही. आणि कुठंही बसायच्या आधी ती खुर्चीवरून हात फिरवून बघते.

हल्ली मीही बघतो.