कडेची पांढरी रेघ

“माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. एकानेही नाही. मग आता काय रस्त्यावर वाकून बघताय, मेल्यांनो?”

त्या सकाळी भर रस्त्यात ती बाई अशी ओरडली होती, असं सायकल दुरुस्तीवाले काका सांगतात. अंधार पडला की ते दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढतात. शिकवणीहून परतणारी पोरंपोरी टायरांच्या ढिगावर बसलेली असतात. काका आधी एकेकाचा मागचा दिवा लावून बघतात. सगळे लागले, तरच गोष्ट.

बाई त्यांच्या ओळखीची, शिवणकाम करणारी. चौथी शिकलेली, पण तोंड असं की भल्याभल्यांनी रस्ता बदलावा. नवरा सायकलवेडा. सगळे त्याला घंटीवाले म्हणत. बारा वर्षं तो एकच अर्ज घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजवत होता. बाहेरच्या मोठ्या रस्त्याला कडेने एक पांढरी रेघ मारा. रेघेच्या आत सायकली, बाहेर गाड्या. कुणी कुणाच्या अंगावर जायचं नाही. साहेब हसायचे. “अहो, रेघेने काय होतंय?”

एका संध्याकाळी त्याच रस्त्याच्या वळणावर तो ट्रकखाली गेला. ट्रकवाला पळाला नाही. स्वतः चौकीत जाऊन रडला. म्हणाला, सायकल रस्त्यात आडवी होती, दिवा नव्हता, काळोखात काही दिसलंच नाही. पंचनाम्यातही तेच आलं. मागे दिवा नाही. चूक मेलेल्याची.

“दिवा होता,” बाई म्हणाली. “मी माझ्या हाताने लावून दिला. एकवेळ चप्पल विसरेल, पण दिव्याशिवाय हा माणूस फाटकाबाहेर पडला नाही कधी. तुटला म्हणता, तर तुकडे कुठायत? ही दिव्याची पकड बघा, ओरखडासुद्धा नाही. खालून अंगठ्याने खटका दाबून वर सरकवलाय. माहीत नसलेल्याला ते दिवसाउजेडी जमत नाही.”

हवालदाराने जांभई दिली. शेजारणी म्हणाल्या, दुःखाने डोकं फिरलं बिचारीचं. आणि तिचा धाकटा भाऊ, पस्तिशी उलटली तरी सगळे ज्याला बबड्याच म्हणायचे, तो तिचा हात धरून म्हणाला, “ताई, विसरले असतील गं दाजी. सोड आता.”

बबड्या बेकरीची पावाची व्हॅन चालवायचा. ती नोकरीही दाजींनीच लावून दिलेली. दाजी गेल्यापासून रोज रात्री बहिणीकडे जेवायला यायचा, तिच्या हातचं जेवायचा, डोळे पुसायचा.

“आणि काका, तुम्ही काय म्हणालात?” एक पोरगी विचारते.

काका हातातला पाना पुसत बसतात. “मी म्हणालो, वहिनी, पडला असेल कुठेतरी गवतात.”



सायकलवाल्यांची एक रीत आहे. रस्त्यावर आपला माणूस गेला की त्याचीच सायकल पांढरी रंगवायची. टायर, सीट, घंटी, सगळं पांढरं. आणि त्या जागी खांबाला साखळीने बांधून ठेवायची, म्हणजे जाणाऱ्याने गाडी जरा हळू घ्यावी. घंटीवाल्यांचीही बांधली होती. हळू कुणी घेतली नाही. कुणी त्यावर जाहिरात चिकटवली, कुणी थुंकलं.

तो जाऊन सहा महिने भरायच्या आदल्या रात्रीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सगळे सायकलवाले तिथे जमणार होते. बाईने त्यांच्यासाठी चमकत्या पट्ट्यांची सोळा जाकिटं शिवली. शेवटची शिलाई घातली तेव्हा साडेआठ वाजले होते. चौदा तारीख, गुरुवार. तिने रंगाचा डबा, ब्रश आणि चिंध्या पिशवीत भरल्या, आपली सायकल बाहेर काढली.

“आत्ता कुठे?” बबड्या दारात उभा. “सकाळी रंगव की.”

“आणि ओला रंग लोकांच्या हाताला लागू दे? मग व्हॅनने सोड मला.”

“नको गं. त्या वळणावर माझ्या छातीत धडधडतं.”

“मग हो बाजूला. व्हॅन काय, तूही वाटेत आडवा लावलेला असतोस.”

नऊला दहा कमी असताना ती वळणावर पोचली. सायकल खांबाला टेकवली आणि कामाला लागली. जाहिरात खरवडली. दांडी रंगवली, सीट रंगवलं, टायर रंगवले, मागची रिकामी पकड रंगवली. गाड्या कानाजवळून सूं करत जात होत्या. प्रत्येकीला ती शिवी घालत होती. घंटी तर जुन्या रंगाने केव्हाच घट्ट बसलेली, अंगठ्याने दाबली तरी हलत नव्हती. तिच्यावरूनही ब्रश फिरवला.

मग गाड्या थांबल्या. एकही नाही. ना इकडून, ना तिकडून.

तिने डब्याचं झाकण लावलं. आपल्या सायकलवर बसली.

ट्रिंग.

मागून. अगदी जवळून.

तिने वळून बघितलं नाही. भल्याभल्यांना वाट बदलायला लावणारी बाई... पण मान वळेना.

ट्रिंग.

शेजारून काहीतरी गेलं. वारा लागला. ओल्या रंगाचा वास आला. आणि पुढे, रस्त्याच्या डाव्या कडेला, एक लाल ठिपका. दोनदा झटपट, मग थांबा. दोनदा झटपट, मग थांबा.

त्याने दिवा तसाच लावलेला असायचा.

“अहो...”

ठिपका पुढे निघाला.

“अहो, थांबा ना.”

ती पायडल मारत सुटली. ती जोरात, तर तो जोरात. ती दमली, तर तो हळू. पण अंतर तेवढंच. गावात शिरला. शाळेवरून वळला. तिच्या गल्लीत आला... तिच्या दारावरून पुढे गेला. थांबला नाही. बेकरीच्या मागच्या आवारात शिरला.

तिथे व्हॅन उभी होती. ठिपका व्हॅनपाशी गेला.

विझला.

काळोख. पावाचा वास. तिचा स्वतःचा श्वास.

मग व्हॅनच्या आत, ड्रायव्हरच्या सीटखाली, लाल उजेड. दोनदा झटपट. मग थांबा.

दार उघडंच होतं. तिने सीटखाली हात घातला. हत्यारांचा पत्र्याचा डबा. डब्यात फडकं. फडक्यात दिवा. दिव्याला निळ्या दोऱ्याने शिवलेला इलॅस्टिकचा पट्टा... तिनेच शिवलेला.

“ताई.”

बबड्या मागे उभा होता. दिव्याकडे बघत होता.

“हा इथे कसा?”

“ताई, मी... फक्त धक्का लागला. फोन वाजला म्हणून खाली बघितलं. ते पडले. जिवंत होते, शपथ. बोलत होते.”

“काय बोलत होते?”

बबड्याने दिव्यासाठी हात पुढे केला.

“काय बोलत होते, रे?”

“दिवा चालू असता तर चूक माझी धरली असती. म्हणून मी खटका दाबला. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले... दिवा राहू दे, बाळा. मागून गाडी येईल.”

“आणि?”

“मी काढला.”

तिने त्याला मारलं नाही. आवाराचं फाटक बाहेरून लावलं, कडी घातली आणि चौकीत गेली.

पण सकाळपर्यंत बबड्या फिरला. मी काही बोललोच नाही, दिवा मला रस्त्यात सापडला होता. तिची आई आली, पदर पसरून म्हणाली, “गेलेला काही परत येत नाही, आता हा एकच राहिलाय मला.” हवालदाराने दिवा उलटापालटा केला. आतली बॅटरी फुगून फुटलेली, तारांना गंज. “बाई, हा काही काल रात्री पेटलेला नाही. झोप नीट होत नाही का तुमची?”

तेवढ्यात बाहेरून हाका आल्या. वळणावर जमलेले सायकलवाले चालत आले होते, सायकली हातात धरून. खाली बघत.

रस्त्याच्या डाव्या कडेने पांढरी रेघ होती. बोटभर रुंद, कुठे तुटलेली नाही. वळणावरच्या खांबापासून चौकीवरून, शाळेवरून, गल्लीतून, थेट बेकरीच्या आवारात, व्हॅनच्या चाकापर्यंत. रेघेत टायरची नक्षी. बाईच्या सायकलचे टायर बघितले, कोरडे, काळे. खांबावरच्या सायकलचे बघितले. साखळी तशीच, कुलूप तसंच. सगळी सायकल पांढरीशुभ्र, आणि टायरांचा रंग झिजून खालचं काळं रबर दिसत होतं.

ती रेघ पुसायला नंतर माणसं आली. रॉकेल ओतलं, ब्रश घासले. पोरांनो, जाताना बघा, आजही आहे. आणि गाड्या तिच्या बाहेरून जातात.

त्या सकाळी हवालदार बराच वेळ रेघेवर वाकून राहिला. मग उठला, टोपी नीट केली, नवा कागद घेतला.

“बाई, नाव सांगा. कुणाचं लिहू?”

आई मागून तिचा पदर ओढत होती. बाईने तो सोडवून घेतला.

“लिहा,” ती म्हणाली. “बबड्या.”