रिकाम्या फोल्डरची जागा

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण हे माझ्या मावसबहिणीच्या, चंद्रिकाच्या बाबतीत घडलेलं आहे. सोलापुरात, सात रस्ता चौकाजवळच्या एका दवाखान्यात. गेल्या एप्रिलात. रात्रीबित्री नाही, भर दुपारी.

तिचा नवरा प्रभू त्या दवाखान्यात फोनवर बसायचा. पेशंटचे नंबर लावायचा. तो अचानक गेला आणि त्याची खुर्ची चंद्रिकाला मिळाली.

तिथला प्रत्येक फोन रेकॉर्ड होऊन सर्व्हरवर साठायचा. त्यात प्रभूचा आवाज होता. दुसरीकडे कुठंच नव्हता. घरचे व्हिडिओ तोच काढायचा, पण काढताना चकार शब्द बोलायचा नाही.

एक ते दोन दवाखाना बंद. डबा उघडून ती रोज त्याचं एक रेकॉर्डिंग ऐकायची. "बोला मावशी, ताप किती आहे?" जिवंतपणी तिनं त्याचं इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं.

मग सर्व्हर भरत आला. डॉक्टरांनी सांगितलं, जुनी रेकॉर्डिंग बाहेरच्या डिस्कवर हलवा आणि इथली काढून टाका.

रविवारी ती एकटीच बसली. आधी कॉपी करायची, तपासायची, मगच पुसायची... हे तिला ठाऊक होतं. पण दोनदा काम नको म्हणून तिनं सरळ कट-पेस्ट केलं.

शेवटच्या फायली जात होत्या...

आणि लाईट गेली.

परत आली तेव्हा बाहेरची डिस्क उघडेना. सर्व्हरवर प्रभूचं फोल्डर होतं. आत काही नव्हतं.

घरी जाऊन तिनं भात लावला. दोघांचा लावला.

सोमवारी कॉम्प्युटरवाला अजिंक्य आला. डिस्क मेली म्हणाला. मग सर्व्हर बघितला.

"काकू, फोल्डर रिकामं हाय. पण त्याची जागा भरल्यालीच हाय की."

सगळं पुसून नव्यानं सुरू करू, असं त्याचं म्हणणं. तिनं त्याला उद्या यायला सांगितलं.

त्या दुपारी तिनं सवयीनं डबा उघडला.

फोन जागेवर होता. रिंग नाही. कोणी नाही.

स्क्रीनवर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागला...

आवाजाची हिरवी पट्टी हलायला लागली. हलायची... थांबायची. हलायची... थांबायची.

समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखी.

तिनं हेडफोन लावला. साधी खरखरही नाही.

दोनच्या ठोक्याला ठिपका विझला. फोल्डर रिकामंच. सर्व्हरवरची मोकळी जागा मात्र आणखी थोडी कमी झालेली.

दुसऱ्या दिवशी पट्टी थांबली तसं तिनं हळूच विचारलं, "जेवलात का?"

तिनं पोळीचा तुकडा मोडला...

मग पट्टी हलली. एकदाच. एका शब्दापुरती.

डॉक्टरांना तिनं सर्व्हरला नवी डिस्क घ्यायला लावली. जुनीला ती कुणाला हात लावू देत नाही. पण जुनीवर आता थोडीशीच जागा उरलीय. ती संपल्यावर काय, असं मी विचारलं. तिनं विषय बदलला.

गेल्या गुरुवारी मी सव्वा वाजता दवाखान्यात फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. दोन वाजेपर्यंत एंगेज.

संध्याकाळी विचारलं, इतका वेळ कुणाशी बोलत होतीस? म्हणाली, फोन तर जागेवरच होता.

मग म्हणाली,

"अक्का, त्या वेळात फोन करत जाऊ नकोस. ते बोलायचं थांबतात."