वाढत्या अंगाची होडी

“तू मागं, मी पुढं, मधे पाणी थोडं...”

मास्तरांना हा आवाज आठवे तो नेहमी पाठमोरा. लहान मुलाचा, जरासा घोगरा, आणि त्याखाली लाकडावर टाचेनं धरलेला ताल. चेहरा नाहीच. मानेवर चिकटलेले ओले केस तेवढे दिसत. पुढे आणखी एक ओळ होती, नक्की होती, पण ती काही केल्या ओठांवर येत नसे.

लहानपणी त्यांनी ताईला विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली, “रेडिओवर ऐकलं असशील.” लग्नाच्या वयात विचारलं, तर म्हणाली, “स्वप्न असेल.” साठी उलटल्यावर विचारलं, तेव्हा सुईत दोरा ओवता ओवता तिनं नुसतं “अजून तेच घेऊन बसलायस?” एवढंच म्हटलं. पण “असं काही नव्हतं रे” असं ती एकदाही म्हणाली नाही. मास्तरांच्या मनात नेमकं तेच रुतून बसलं होतं.

मास्तर म्हणजे शिंपी. पुढे दुकान, मागे कापड बेतायची लांबलचक खोली, वर दोघा भावंडांचा संसार. मास्तर बेतत आणि शिवत. थोरली ताई काजं-बटणं करी. गल्लीच्या टोकाला तळं होतं, पण ताईला पाण्याचं असं वावडं की बाजारात जाताना ती वळसा घालून जाई.

लोक तयार कपडे घ्यायला लागले तसे मास्तरांचे हात रिकामे पडले. अशात कुणाकडून तरी त्यांच्या हाती छोट्या शिडाच्या होडीचे आराखडे आले. एका माणसापुरती होडी. पातळ प्लायवूड कापायचं, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं फळ्या एकमेकींना शिवायच्या, सांधे चिकटवायचे आणि मग तारा उसवायच्या.

“हे तर शिवणकामच झालं!” मास्तर हरखून म्हणाले. तो आवाज कुठल्यातरी होडीतलाच, हे त्यांनी मनाशी केव्हाच ताडलं होतं. एकदा पाण्यावर बसलो की पुढची ओळ आपोआप येईल, आणि ओळ आली की तोंडही वळेल.

ताईनं आराखड्याकडे पाहिलं, चष्मा काढला, आणि वर निघून गेली.

फळ्या कापायला शेजारचा सुतार आला. कापड दुहेरी घालून दोन्ही बाजू एकदम कापायच्या, ही मास्तरांची सवय. त्यांनी प्लायवूडही एकावर एक ठेवून आखलं. डावी नि उजवी बाजू एकाच रेषेतून निघाली. पण रेष पाहून सुताराला हसू आवरेना.

“मास्तर, पुढच्या टोकाला हे हातभर जास्त कशाला?”

मास्तरांनी आराखडा पाहिला, खडूची रेष पाहिली. वाढत्या अंगाच्या पोराच्या विजारीला खाली दुमड ठेवतात, तशी त्यांनी होडीला जागा सोडली होती. कधी सोडली, ते आठवत नव्हतं.

“होडी वाढत्या वयाची आहे का? पुढच्या वर्षी तोकडी पडायची?”

“हाताची सवय. कापून टाक.”

“कापायचं कशाला? बसायला एक फळी पुढे मारू. दोघांची होईल.”

फळी मारली. होडी दोघांची झाली.

दिवसभर खोलीत लाकडाचा भुसा आणि चिकटद्रव्याचा उग्र वास भरून राही. तांब्याचे टाके दिव्यासारखे चमकत. मास्तर फळ्यांवर तळवा फिरवत, लग्नाच्या कोटावरून फिरवावा तसा. एका सकाळी तळवा ओला झाला. होडीच्या मधोमध ओंजळभर पाणी साचलं होतं. वर छत कोरडं, आसपास नळ नाही. त्यांनी ते फडक्यानं टिपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. सुतारानं होडी उलटी करून सगळे सांधे तपासले.

“पाणी बाहेरून आत येतं हे ऐकलंय,” तो डोकं खाजवत म्हणाला. “पण बाहेरही पाणी नको का?”

मास्तरांना भीती वाटली नाही. उलट उठल्या उठल्या आधी होडीत डोकावायची त्यांना ओढ लागली. पाणी वाढत नव्हतं, आटत नव्हतं. थोडंच असे.

मग तरंगत्या जाकिटाची गंमत झाली. जाड कापडात बुचाचे तुकडे भरून मास्तरांनी स्वतःच्या मापाचं जाकीट शिवलं आणि आरशासमोर चढवलं. ते बसेना. मास्तरांचा डावा खांदा उतरता. आजवर आपला प्रत्येक सदरा त्यांनी तसाच बेतला. जाकिटाचा उजवा खांदा उतरता होता. छाती, कंबर, लांबी, सगळं अगदी त्यांचंच, फक्त आरशातल्यासारखं उलटं. आयुष्यात त्यांनी कुणाची बाजू चुकवली नव्हती. चडफडत त्यांनी ते होडीच्या पुढच्या फळीवर भिरकावलं, नाड्या मोकळ्या लोंबत्या तशाच, आणि दुसरं शिवायला घेतलं.

होडी दारातून निघेना, तेव्हा चौकट उखडावी लागली. गल्लीतली दोन-चार माणसं खांदा द्यायला आली. “मास्तर, गिऱ्हाइकाला ट्रायलला बोलावलंत का?” असं कुणीतरी विचारलंही. ऊन कलायला लागलं होतं. तळं मुकाट होतं, काचेसारखं.

होडी पाण्यावर ठेवली, आणि तिनं नाक खाली घातलं.

माणसं होडी पोचवून परतली. सुतार गुडघाभर पाण्यात उभा राहिला. “पुढे काय ठेवलंय?”

“काही नाही. ते बिघडलेलं जाकीट आहे.”

“जाकिटानं एवढी वाकेल?” त्यानं मागच्या फळीवर दगड ठेवले. होडी जराशी सावरली. आणखी ठेवले, आणखी सावरली. “मास्तर, तुम्ही बसा बघू मागे.”

दगड काढले. नवं जाकीट घातलेले मास्तर मागच्या फळीवर बसले.

होडी सरळ झाली. तराजूचा काटा थांबावा तशी.

सुतारानं पुढच्या फळीवरच्या जाकिटाकडे पाहिलं. मग उगीच हसत म्हणाला, “थांबा, मीही येतो. पुढे बसतो.”

“तिथं बसू नका!”

काठावर ताई उभी होती. चपला हातात, पदर कमरेला खोचलेला. ती कधी आली, कुणालाच कळलं नव्हतं. सुतारानं होडीच्या काठावर ठेवलेला हात काढून घेतला.

ताई पाण्यात उतरली. घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. होडीशी येऊन थांबली. तिचं भावाकडे लक्ष नव्हतं.

“हलू नको, डुलू नको,” ती हळूच म्हणाली, “बुडंल आपलं घोडं.”

हीच ती ओळ.

मास्तर तिच्याकडे वळले. “ताई, कोण होतं?”

“दोघं बसला होतात, काठाला बांधलेल्या होडीत. दोरी सुटली. लोकांनी एकालाच आणलं.” तिचा आवाज शिवणीइतका सरळ होता. “तू खूप लहान होतास. आई म्हणाली, याला विसरू द्या. त्याचं नाव या घरात कुणी घ्यायचं नाही. मी शब्द दिला होता रे.”

“माझ्याहून मोठा?”

“घटकाभरानं. आई दोघांना एकाच कापडाचे सदरे शिवायची. तुझा डावा खांदा उतरता, त्याचा उजवा. नाहीतर तुम्ही मलासुद्धा ओळखू यायचा नाहीत.”

वारा नव्हता. तरी होडीच्या मधलं थोडंसं पाणी इकडून तिकडे झालं.

ताईनं पुढे वाकून फळीवरच्या जाकिटाकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. ते आता पडलेलं नव्हतं, ताठ बसलं होतं. मोकळ्या सोडलेल्या नाड्यांना छातीवर गाठ होती. घट्ट आणि नीट.

“त्याला नाडी बांधता यायची नाही,” ताई म्हणाली. “रोज मीच बांधून द्यायचे. त्या दिवशी तेवढी राहिली होती.”

तिनं त्या गाठीला बोट लावून पाहिलं.

“शिकला म्हणायचा.”