कादंबरीतली सून

शेवटचं प्रकरण वाचून संपलं, आणि सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं… सुनेने मात्र कागद जुळवले, टाचणी लावली आणि शांतपणे विचारलं, "आई, काही चुकलं का?"

चुकलं काहीच नव्हतं! सोळा वर्षं भागाभागाने निघत आलेल्या सासूबाईंच्या गाजलेल्या कादंबरीचा हा अखेरचा भाग. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला, जीभ अडखळू लागली, आणि वहीत उरला तो नुसता आराखडा. त्यावरून सुनेने, छापखान्यातली प्रुफं तपासायची नोकरी सांभाळून, जेवणाच्या सुट्टीत रोज दोन पानं लिहून उरलेली अकरा प्रकरणं पुरी केली होती.

आणि त्या कादंबरीतली खलनायिका कोण? तर घर फोडणारी सून! हात भरलेले असले की गुडघ्याने कपाट लोटणारी, चष्मा डोक्यावर ठेवून तो घरभर शोधणारी… म्हणजे हीच की! भेटायला येणारे वाचक आधी सासूबाईंच्या पाया पडत आणि मग चोरून हिच्या गुडघ्यांकडे बघत. सोळा वर्षं तिने हा अपमान हसून गिळला होता. पण आतल्या आत तिचं काळीज तुटत होतं.

आराखड्याची शेवटची ओळ होती, 'सुनेला घराबाहेर काढतात. कोणी अडवत नाही.'

"बदल ना शेवट," नवरा म्हणाला होता. "लेखणी आता तुझ्या हातात आहे. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल. दुसऱ्याचं घर पुरं करायला घेतल्यावर त्यात आपल्या सोयीची खिडकी काढू नये."

आणि तिने त्या सुनेला, म्हणजे स्वतःलाच, निष्ठुरपणे उंबऱ्याबाहेर काढलं… एक शब्दही तिने मऊ केला नाही.

"बदल… शेवट," सासूबाई कष्टाने म्हणाल्या. "तू नोकरी सोडली नाहीस… त्याचा राग मी कागदावर काढला. तू… अशी नाहीस गं."

"नाही बदलणार, आई. गोष्ट तुमची आहे, आणि ती अशीच खरी वाटते. पुस्तकातली सून जाऊ दे बाहेर." तिने टाचलेले कागद बाजूला ठेवले. "तुम्हाला काही म्हणायचं असेल, तर मला म्हणा. तोंडावर म्हणा. सोळा वर्षं वाट बघतेय मी."

खोलीत प्रकाशक बसले होते, सुनेचा नवरा उभा होता. सासूबाईंनी कुणाचीही भीड धरली नाही. डाव्या हाताने त्यांनी सुनेचं मनगट घट्ट धरलं.

"चुकले मी, पोरी. आणि… लिहितेस माझ्याहून बरी."

लेखिकेची शाबासकी तिने ताठ उभं राहून, मोठ्या अभिमानाने घेतली. सासूची माफी मात्र तिला पेलवली नाही. त्यांच्या मांडीत तोंड खुपसून ती ओक्साबोक्शी रडली.