निजामाची बाजू कोण घेणार?

भर दुपारी सुकन्याच्या दातांच्या दवाखान्यात एक उंच तरुण आला, खुर्चीवर आडवा झाला आणि त्यानं तोंड उघडायच्या ऐवजी रुमाल उघडला. रुमालात बोटाच्या पेराएवढा घोडेस्वार होता.

"पेशंट हाच," तो म्हणाला.

सुकन्यानं दिव्याचा झोत खाली ओढला. "दाढ तर दिसून न्हाई राहिली. दुखतं कुठं?"

"एकटा पडलाय. ह्याचे भाऊबंद पाहिजेत, लई. तुम्ही दाताचं माप घेता त्या गुलाबी मसाल्यात ह्याचं माप... घेता येईल?"

माणूस औशाचा, नाव हरिओम. लातुरात शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवून तो दुसऱ्यांच्या पोरांना डॉक्टर करायचा. उरल्या वेळात, दोन मित्रांना घेऊन, मराठे आणि निजामाची उदगीरची लढाई टेबलावर मांडायच्या बेतात होता.

"माझ्या साच्यातून मिशीचा केससुद्धा निसटत न्हाई," सुकन्या म्हणाली. ती मुखेडची. तिकडं नम्रता पाहुण्यांसाठी राखून ठेवतात.

तो हसला. एका बाजूनं जरा जास्त. दात चांगले होते, हे तिनं केवळ व्यवसाय म्हणून पाहिलं.

स्वार तयार होऊ लागले. एका फेरीत नेता येतील ते हरिओम पाच फेऱ्यांत नेऊ लागला. फेटे रंगवायला दोघं एकाच भिंगावर वाकायचे. तो श्वास रोखायचा, रंग हलू नये म्हणून... असं तो सांगायचा. तिनं एकदा त्याच्या नाकावरचा भगवा ठिपका कापसानं टिपला, आणि त्यानंतर त्यानं रंगवलेले चारही घोडे तिरळे झाले. पण बोललं कुणी नाही. दोघांनाही वाटे, आधी बोलेल तो लहान होईल.

मोहीम त्या दोन मित्रांतल्या रियाजच्या शिलाईच्या दुकानात मांडायची होती. रविवारी कटिंगचं टेबल मोकळं झालं, खडूनं वाटा आखल्या, आणि तिघा मित्रांनी आपापली फौज खोक्यातून काढली. तिन्ही मराठ्यांच्या. टेबलभर भगवं. लढाईला शत्रूही लागतो, ही गोष्ट तीन पदवीधरांच्या ध्यानात आली नव्हती.

"मी उदगीरचा," सोमेश म्हणाला. "माझ्याच गावात मी हरू?"

"माझ्याकडं बघू नका," रियाज म्हणाला. "रियाज नाव हाय म्हणून निजाम व्हायचं का? तोफा गारद्यांच्या, अन् गारदी मराठ्यांकडून लढले. तोफखाना माझा."

"मी तर मोहिमेचा प्रमुख," हरिओमनं छाती काढली.

दारात सुकन्या साच्यातून काढलेला हत्ती घेऊन उभी होती, वर सेनापतीसकट. "निजाम मी घेते," ती म्हणाली. "चार भावांत वाढले. घेरलेल्या बाजूनं खेळायची सवय हाय. जिंकायचीबी."

ठरलं असं : तिघांनी आपले काही स्वार निजामाचे म्हणून तिला द्यायचे, आणि तिच्या फौजेनं उदगीरहून निघून टेबलाची पलीकडची कड गाठायची. ती कड म्हणजे धारूर, तिथं निजामाची दुसरी फौज थांबलेली. मराठ्यांनी तिला वाटेत कोंडायचं. इतिहासात कोंडलं होतंच.

"आणि हरेल त्यानं मनातलं आधी बोलायचं," रियाज गळ्यातली टेप काढत म्हणाला. "तुमच्या दोघांच्या गप्प बसण्यानं दुकानात माणूस टिकेना झालाय."

दोघांचे कान लाल झाले. अट मात्र कुणी नाकारली नाही.

फासे पडत गेले. चाली टेपनं मोजल्या गेल्या. सुकन्यानं पिछाडी रियाजच्या तोफांच्या तोंडी दिली, हत्ती मधोमध ठेवला आणि अशी वाट काढत गेली की सोमेश आपण कुणाच्या बाजूचे हे विसरून वाहवा देऊ लागला. धारूर वीतभर राहिलं. मधे फक्त हरिओमची एक तुकडी. त्यानं ती उचलली आणि अलगद बाजूला ठेवली.

सुकन्यानं टेप खाली ठेवली. "हे स्वार कुठं निघाले?"

"घोड्यांना पाणी पाजायला."

"तिथं नदी न्हाई."

"मग... शोधायला."

रियाज आणि सोमेश छताचा पंखा निरखू लागले. पंखा बंद होता.

"मुद्दाम हरून राहिलास तू," ती म्हणाली. 'तू' पहिल्यांदाच निघाला होता.

"मला आधी बोलायचं होतं," तो म्हणाला. "जिंकलो असतो तर वाट बघावी लागली असती. आता... राहवत न्हाई."

सुकन्यानं हत्तीवरचा सेनापती उचलला, हरिओमचा तळवा उलगडला आणि त्यावर ठेवला. बोटं काढून घ्यायला तिनं घाई केली नाही.

"मुखेडच्या माणसाला कुणी सोडलेली वाट चालत न्हाई. मी शरण. म्हणजे हरले मी, अन् आधी बोलणार मी." ती ताठ उभी राहिली. "मला तू आवडतोस. माझं उत्तर 'व्हय' हाय. प्रश्न तू सावकाश विचार."

त्यानं विचारला. सावकाश नाही, पण विचारला.

आता दवाखान्याच्या काचेच्या कपाटात, कवळ्यांच्या रांगेत, हरिओमनं परत आणून दिलेला, बोटाच्या पेराएवढा तो सरदार उभा असतो. पेशंट विचारतात, डॉक्टर, हा कोण?

"माझा सेनापती," सुकन्या सांगते. "एकच लढाई हरला. तीबी माझ्या हुकमावरून."